पुण्यात मोठा शंख घेताना: तुळशीबाग, जुना बाजार, सजावटीची दुकानं आणि ऑनलाइन मालाची पारख

शोकेससाठी किंवा दिवाणखान्यातल्या टेबलासाठी मोठा शंख हवा असेल तर पुण्यात तो चार ठिकाणी मिळतो: तुळशीबाग-मंडई परिसरातली पूजासाहित्याची दुकानं, बुधवार-रविवारचा जुना बाजार, कॅम्प आणि कोरेगाव पार्कातली घरसजावटीची दुकानं आणि ऑनलाइन. चारही ठिकाणी एक खोड सारखी आहे, ती म्हणजे माल चकाचक करून विकायची. गिऱ्हाईक लकाकीवर भाळतं आणि दुकानदाराला ते पक्कं ठाऊक असतं. आमचा सल्ला याच्या बरोबर उलट आहे. मोठा शंख घ्यायचा तर कमीत कमी घासलेला घ्या, आणि दुकानाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेला तपकिरी, खडबडीत नग असेल तर आधी तो काढायला सांगा.

आपण ज्याला पूजेचा शंख म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. तो प्रामुख्याने मन्नारच्या आखातातून, तूत्तुकुडी-रामेश्वरमच्या पट्ट्यातून आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून येतो. समुद्रातून निघतो तेव्हा त्याच्यावर जाड, तपकिरी, मखमलीसारखी साल असते. साल काढली की खाली चिनी मातीच्या भांड्यासारखा पांढरा, घट्ट, जड शंख दिसतो. इथवर ठीक. पण पुढे कारखान्यात तो सौम्य ॲसिडमध्ये बुडवून मग बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासतात. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिडमध्ये तो विरघळतोच. वरचे बारीक उंचवटे जातात, वाढीच्या रेषा पुसट होतात, खांद्यावरच्या कडा गोल होतात. राहतो तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत गोळा. त्यावर लाखेचा किंवा वॉर्निशचा हात मारलेला असेल तर दोन-तीन वर्षांत पिवळेपणाही येतो. लाख आहे का ते बघायला कापसावर थोडं ॲसिटोन (साधं नेलपॉलिश रिमूव्हर चालेल) घेऊन तळाच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर चोळा. कापूस चिकट झाला किंवा त्यावर रंग आला, तर वर लेप आहे. खऱ्या शंखाला ॲसिटोनने काही होत नाही. मात्र दुकानदाराला विचारूनच करा, कारण नग रेझिनचा (साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा) निघाला तर तिथे डाग पडतो.

ओठाची कड भिंगातून बघा. शंखाचं तोंड जिथे संपतं ती बाहेरची कड म्हणजे ओठ. शंख वाढतो तो या कडेला थरावर थर चढवत, त्यामुळे वाढीच्या बारीक रेषा कडेला जवळपास समांतर जातात. ओठाला टवका गेला की कारागीर तो ग्राइंडरवर सरळ करतो, आणि मग रेषा कडेशी तिरप्या येऊन मध्येच तुटतात. लाकूड धाग्यांच्या उलट दिशेने तासल्यावर ते कापलेले दिसतात, तसं. घासलेला ओठ दिसायला सरळ आणि सुबक असतो, म्हणूनच तो खपतो. सजावटीला असा नग घ्यायला हरकत नाही, पण भाव संग्रहाच्या नगाचा देऊ नका.

दुसरा प्रकार ‘मेलेल्या’ शंखाचा. जिवंत प्राणी पकडून न काढता वर्षानुवर्षं वाळूत-चिखलात पडून राहिलेले शंख खणून काढतात. ते खडूसारखे निस्तेज असतात आणि त्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं असतात. शंख पोखरणारा स्पंज आणि समुद्री किडे ही भोकं पाडतात. पॉलिशवाले ती पांढऱ्या लांबीने (पुट्टीने) बुजवतात. मोबाइलचा टॉर्च शंखाच्या तोंडातून आत धरून, दुकानातला दिवा बंद करायला सांगा. निरोगी कवचातून मधाच्या रंगाचा एकसारखा उजेड येतो. तडा असेल तर लखलखीत रेघ दिसते, आणि लांबी भरलेली जागा काळा ठिपका होऊन उठते. कवचाच्या फार जाड भागातून उजेड येतच नाही, तेव्हा ओठाजवळच्या आणि मधल्या वेढ्यावरून निर्णय घ्या.

आता दक्षिणावर्ती. या एका शब्दावर पुण्यात जितकी फसवणूक होते तितकी बाकी सगळ्या मालावर मिळून होत नसेल. शंखाचं निमुळतं, नळीसारखं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर नेहमीच्या शंखाचं तोंड डावीकडे येतं. तो वामावर्ती. ज्याचं तोंड उजवीकडे येतं तो दक्षिणावर्ती, आणि टर्बिनेलामध्ये असा नग खरोखरच अतिशय दुर्मीळ असतो. दुकानात ‘दक्षिणावर्ती’ म्हणून परडीभर जे मिळतात ते बहुतेक वेळा वेगळ्याच प्राण्याचे असतात. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात लाइटनिंग व्हेल्क नावाची मोठी समुद्री गोगलगाय आहे. ती जन्मतःच उलट दिशेने वेढे घेते, म्हणजे तिच्यात ‘दक्षिणावर्ती’ हाच नियम. तिचे खांद्यावरचे गाठाळ उंचवटे घासून टाकले आणि पांढरं पॉलिश केलं की अनोळखी माणूस फसतो.

ओळख सोपी आहे. तोंडात टॉर्च मारून मधल्या खांबाकडे, म्हणजे ज्याभोवती वेढे फिरतात त्या दांड्याकडे बघा. टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठळक, आडव्या घड्या असतात, बोटाला सहज लागतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत असतो. शिवाय व्हेल्क आकाराच्या मानाने हलका लागतो, नळी लांब असते आणि नीट न घासलेल्या नगावर तपकिरी-जांभळट उभे पट्टे उरलेले दिसतात. घड्या नाहीत म्हणजे तो दक्षिणावर्ती शंख नाही, मग प्रमाणपत्रावर काहीही छापलेलं असो. व्हेल्क शोभेला उत्तम आहे, व्हेल्क म्हणून आणि व्हेल्कच्या भावाने घ्यावा.

रेझिनच्या नकला ऑनलाइन जास्त आणि सजावटीच्या दुकानांत मधूनमधून दिसतात. साच्याची शिवण, तळाशी बारीक बुडबुडे, दोन नगांवर हुबेहूब एकाच जागी असलेला डाग या तर उघड खुणा. पण हल्ली रेझिनमध्ये संगमरवराची पूड घालतात. मग नग हाताला गार लागतो, वजनदार लागतो आणि ॲसिडचा थेंब टाकला तर फेसही येतो, म्हणजे नेहमीच्या तिन्ही परीक्षा तो पास होतो. घनतेची परीक्षा मात्र त्याला चुकवता येत नाही, आणि ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर होते. आधी कोरडा शंख तोला. मग काट्यावर पाण्याचं खोल पातेलं ठेवून आकडा शून्य करा. शंख दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला लागणार नाही असा अधांतरी धरा. काटा जे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी शंखाने बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले हा आकडा. समजा कोरडं ६२० ग्रॅम आणि काट्यावर २२० आले, तर घनता २.८. खरं कवच २.७ ते २.९च्या दरम्यान बसतं. साधं रेझिन १.१-१.२च्या आसपास आणि पूड घातलेलं साधारण दोनच्या आतबाहेर राहतं. यात चूक होते ती एकाच कारणाने: आतल्या वेढ्यांत हवा अडकते आणि खरा शंखही खोटा ठरतो. म्हणून पाण्यात तोंड वर करून, वेढ्यांच्या दिशेने हळूहळू फिरवत बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. ऑनलाइन घेतलेल्या नगावर परतीची मुदत असते, ती संपायच्या आत एवढं उरकून घ्यावं.

वाजवायचा शंख हा निराळा माल. शेंडा, म्हणजे नळीच्या उलट बाजूचं टोक, कापून भोक पाडलेलं असतं. गणपतीच्या आधी शंखनाद पथकांमुळे याला मागणी येते आणि घाईघाईत कापलेले नग बाजारात येतात. भोक फार वर घेतलं तर अरुंद राहतं, ओठ बसत नाहीत. फार खाली घेतलं तर पसरट होतं आणि हवा वाया जाते. करंगळीचं टोक जेमतेम जाईल इतकं, आणि कड आतून-बाहेरून घासून गोल केलेली असावी. दुसऱ्या वेढ्याची भिंत अर्धवट फोडून आत सोडलेली असेल तर आवाज फाटतो, म्हणून भोकातून आत बघून घ्या. शंख मोठा तसा आवाज खर्जात जातो. नवशिक्याला पाच-सहा इंची बरा, आठ इंची शंखाला दम जास्त लागतो. हल्ली काही ठिकाणी फुंकून बघू देत नाहीत. स्वच्छतेचं कारण रास्त आहे, पण मग स्पिरिटने पुसून दुकानदारालाच वाजवायला सांगावं. फक्त शोभेसाठी घेत असाल तर शेंडा शाबूत असलेलाच घ्या.

शंखाखेरीज सजावटीला आम्हाला सगळ्यात आवडतो तो काटेरी म्युरेक्स, चिकोरियस रामोसस. फुटाच्या जवळपास वाढतो, वेढ्यांवर पानासारख्या झालरी असतात आणि तोंडाच्या कडेला गुलाबी छटा येते. भारतीय पाण्यातला आहे, भाव परवडतो आणि पॉलिश करताच येत नाही, हे त्याचं भाग्य. झालरीची टोकं मात्र मोडतात. घेताना एकेक टोक बघा, ताज्या मोडीचा रंग शुभ्र असतो. पॅकिंगला वर्तमानपत्राचा गोळा नको, झालरींमध्ये कापूस किंवा मऊ टिश्यू भरून मग बबल रॅप. मेलो नावाचा नारिंगी, फुगीर, पातळ कवचाचा शंखही मिळतो. तो लांबून भारदस्त दिसतो, पण ओठ इतका नाजूक की लहान मुलांच्या घरात टिकणार नाही. वाघकवडी घेतली तर पॉलिशबद्दल विचारूच नका, तिची चकाकी उपजतच असते, कारण जिवंतपणी प्राण्याचं मांसल आवरण कवचावर पसरलेलं असतं. रंग उडालेली वाघकवडी पुन्हा चमकवता येत नाही.

गुलाबी ओठाचा भलामोठा क्वीन कॉन्च कॅरिबियन समुद्रातला. तो १९९२ पासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे देशाबाहेर पाठवताना परवाना लागतो. इथे विकणाऱ्याकडे आयातीचे कागद मागा, नसतील तर सोडा. आणि घेतलाच तर खिडकीत ठेवू नका, उन्हाने तो गुलाबी रंग हमखास उडतो.

कायद्याचा भाग नीट समजून घ्या, कारण इथे पैसे जाण्यापेक्षा मोठी अडचण होऊ शकते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण शंख-शिंपल्यांच्या २४ जाती त्याच्या परिशिष्टांत २००१ मध्ये आल्या. मोठ्या आणि देखण्या जातींपैकी बऱ्याच त्यात आहेत: शिंगाचा हेल्मेट शंख (कॅसिस कॉर्न्यूटा), तांबूस बुल-माउथ (सिप्रीकॅसिस रूफा), ट्रायटन तुतारी (चारोनिया ट्रायटोनिस), नॉटिलस, झालरीचे मोठे ट्रायडॅक्ना शिंपले, हिरवा टर्बो मार्मोरेटस, ट्रोकस निलोटिकस. टर्बिनेला त्या २४ मध्ये नाही. जुन्या बाजारात हेल्मेट आणि ट्रायटन अधूनमधून दिसतात, ‘वाड्यातलं आहे’ असं सांगून. कुठलंही असो, घेऊ नका. ट्रायटन प्रवाळ खाणाऱ्या काटेरी ताऱ्यामाशाला खातो, त्यामुळे त्याच्या संरक्षणाला प्रवाळाचाही संबंध आहे.

कोळ्याच्या पायांसारखी बोटं असलेला लॅम्बिस हा त्याहून फसवा. साधा लॅम्बिस लॅम्बिस यादीत नाही, पण त्याचे सख्खे भाऊ (किराग्रा, स्कॉर्पियस, मिलेपेडा, क्रोकाटा, ट्रंकाटा) यादीत आहेत. बोटांची संख्या, त्यांचा बाक, तोंडातल्या रेघा यांवरून फरक कळतो, पण काउंटरवर उभं राहून नव्हे. तसंच ‘मोती शंख’ या नावाने विकतात ते बहुधा टर्बो कुळातले असतात. वरचा थर ॲसिडने काढून खालचा मोतिया थर उघडा केलेला असतो. हिरवे-तपकिरी पट्टे गेल्यावर तो कोणता टर्बो होता हे सांगणं जाणकारालाही जड जातं, आणि मोठा असेल तर मार्मोरेटस असण्याची शक्यता राहते. म्हणून मोठे मोतिया नग आम्ही सरळ टाळायला सांगतो. जातीविषयी खरंच अडलं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीत आहे.

ठिकाणांबद्दल थोडक्यात. तुळशीबाग-मंडईत टर्बिनेला घ्यावा, निवड भरपूर, नग हातात घेऊन बघू देतात आणि साल असलेला माल मागितला तर एक-दोन दिवसांत आणूनही देतात. भाव इंचावर लागतो, पण लांबी नळीसकट मोजतात, त्यामुळे लांब नळीचा किरकोळ शंख बसक्या, भरीव शंखापेक्षा महाग पडतो. वजन करून तुलना करा, मग घासाघीस करायला आधार मिळतो. जुन्या बाजारात नशिबाचा खेळ. जुने, न घासलेले, ओठ शाबूत असलेले म्युरेक्स तिथे स्वस्तात मिळू शकतात, पण बिल नाही आणि परतीचा प्रश्नच नाही. सकाळी लवकर जावं. सजावटीच्या दुकानांत मांडणी सुंदर, स्टँड चांगले, शंखाची माहिती जवळपास शून्य. तिथून स्टँड घ्यावा. ऑनलाइन फोटोत शेजारी पट्टी किंवा नाणं नसेल तर ‘लार्ज’ या शब्दाला काही अर्थ नाही. तोंडाचा, शेंड्याचा आणि पाठीचा असे तीन वेगळे फोटो मागवा.

साफसफाई. नवीन नगाला वास येत असेल तर आतल्या वेढ्यात मांसाचा अंश उरलेला आहे. साध्या पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, चार-पाच दिवसांत तो सुटतो. साल किंवा शेवाळ काढायचं असेल तर कपडे धुण्याचं क्लोरिनचं ब्लीच आणि पाणी समप्रमाणात, दोन-तीन तास, मधूनमधून बघत. ब्लीच साल खातं, कवच खात नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्याच पाण्यात लिंबू, व्हिनेगर किंवा टाइल्सचं ॲसिड चुकूनही घालू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो. चिकटलेले कालवांचे तुकडे बांबूच्या काडीने किंवा दाताच्या डॉक्टरांकडच्या आकड्यासारख्या टोकदार अवजाराने उचकटावेत.

शेवटचं धुणं कशात करता यालाही महत्त्व आहे. वाघोली, उंड्रीकडे टँकर-बोअरचं पाणी असेल तर कवचावर पांढरे डाग वाळतात, आणि ते काढायला लोक व्हिनेगर लावतात. तिथेच चकाकी गेली. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर लिटरभर आणून त्याने खळबळा, डाग पडणारच नाहीत. पूर्ण वाळल्यावर लिक्विड पॅराफिनचे दोन-तीन थेंब मऊ फडक्यावर घेऊन चोळा आणि जास्तीचं पुसून टाका. खोबरेल किंवा गोडंतेल नको, ते खवट होतं आणि धूळ धरतं. पूजेच्या शंखातून पंचामृत घालत असाल तर दह्याचा आंबटपणाही रोजच्या रोज थर खात असतो, त्यामुळे लगेच धुवा. तांब्या-पितळेच्या आंबट पावडरीने देवांबरोबर शंखही घासायची काही घरांत पद्धत आहे. ती बंद करा.

पुण्याच्या पावसाळ्यात बंद शोकेसमधल्या शंखांवर पांढरी, पिठासारखी भुकटी येते. पाहणाऱ्याला ती बुरशी वाटते, पण ते क्षार असतात. लाकूड, प्लायवूड आणि एमडीएफमधून ॲसिटिक आणि फॉर्मिक ॲसिडची वाफ सुटते, दमट हवेत ती कवचाशी संयोग पावते. संग्रहालयांत याला बाइन्स डिसीज म्हणतात. ही भुकटी पुसून भागत नाही. डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर भिजवून, पाणी दोनदा बदलून, पंख्याखाली दोन दिवस वाळवा, मग पॅराफिन. गेलेला थर परत येत नाही. शोकेस प्लायवूडचंच असेल तर आतली उघडी कड लॅमिनेट किंवा पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) लेपाने बंद करा, फळीवर काच टाका, जून ते सप्टेंबर १०० ग्रॅम सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवा. नवीन काचेच्या शोकेसला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर काच जोडायला ॲसिटिक प्रकारचं सिलिकॉन वापरलेलं आहे. बनवायला टाकतानाच ‘न्यूट्रल क्युअर’, म्हणजे वाळताना ॲसिड न सोडणारं सिलिकॉन, सांगा. झालेलंच असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, दार उघडं ठेवून रिकामं राहू द्या.

बाथरूममध्ये शंख ठेवायची फॅशन आहे. पाण्याने त्याला फारसं काही होत नाही, पण आठवड्याला टाइल्सवर ॲसिड टाकलं जातं त्याच्या वाफेने काही महिन्यांत पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथे ठेवायचाच असेल तर रेझिनचा ठेवा.